बारा ते अडीच

जगातली निम्मी दुःखं दोन माणसांच्या वेळांमधल्या फटीतून आत शिरतात, असा सिद्धान्त अनिशने दोन हजार दोन सालच्या मे महिन्यात, माळनाक्यावरच्या भाड्याच्या ब्लॉकमध्ये, बनियनवर बसून मांडला. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

मुंबईतली कंपनी बुडाल्यावर तो रत्नागिरीला आईकडे, कमलाताईंकडे, परतला होता. सोमवारपासून इथल्याच एका कॉम्प्युटर क्लासात दिवसभर शिकवायची नोकरी होती. अडचण एकच. कमलाताई न्हाणीत पडल्यापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना दिवसा एकटं ठेवायचं नाही. सोय झाली नाही, तर त्यांची रवानगी संगमेश्वरला बहिणीकडे. आणि त्या दोघींचं लहानपणापासून एका वाक्यापलीकडे पटलं नव्हतं.

सोबतीला कामवाली मैना होती, शेजारच्या रझियाखाला होत्या. पण वेळ विचारली तर आकडा कोण सांगेल!

"पावसची गाडी येईस्तोवर बसतंय हां," मैना म्हणाली.

"दुपारची जोहरची नमाज झाली, चार घास खाल्ले, की आलेच," रझियाखाला म्हणाल्या.

अनिशने कपाळ धरून त्याचे आकडे केले. मैनाच्या गावची, पावसची एसटी बाराची, म्हणजे कधीचीही. त्याने बारा धरले. सकाळी आठपर्यंत तो स्वतः, सात ते बारा मैना, अडीच ते सात खाला, सहापासून पुन्हा तो. मग मुंबईहून आणलेल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला. वेळा सुरुवातीप्रमाणे लावायच्या, एकीत दुसरी घुसत असेल तर दोन्ही मिळून एकच करायची, मध्ये उरेल ती फट.

"अरे, बोटांवर होईल हे," खाला म्हणाल्या.

"बोटं चुकतात, खाला."

प्रोग्रॅम चालला. पडद्यावर एकच ओळ उमटली: दिवसभर सोबत आहे, फट नाही.

अनिश भडकला. बारा ते अडीच शेंबड्या पोरालाही दिसलं असतं! त्याने ओळ न् ओळ तपासली. खोट्या नावाने खोट्या वेळा घातल्या. प्रोग्रॅमने फटी चोख दाखवल्या. पुन्हा आईच्या नावाने खऱ्या घातल्या. फट नाही. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडला होता, कुठूनतरी सुक्या बांगड्यांचा वास येत होता, आणि हे डबडं त्याची टर उडवत होतं.

त्याने मैनाला काढलं. फट नाही.

रझियाखालांना काढलं. फट नाही.

दातओठ खात स्वतःला काढलं. आता आत नुसतं आईचं नाव उरलं होतं.

दिवसभर सोबत आहे.

तो उठून आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. कमलाताई कॉटवर पडून होत्या.

"आई, मैना गेल्यावर दुपारी कोण येतं गं?"

"येतं कोण? असतातच ते."

"ते कोण?"

"काय मेल्या खोदून खोदून विचारतोस! माझं संगमेश्वर टळलं ना?"

अनिशने भिंतीकडे पाहिलं. कॉटच्या बरोबर वर, छताला लागून, तेलाचा गोल डाग होता. डोकं टेकून टेकून पडतो, तसा.

"टळलं," तो म्हणाला.

"मग सोमवारी जाताना पंखा बारीक करून जा," त्या कूस बदलत म्हणाल्या. "मोठा ठेवलास की ते फार हलतात."