नायकाचा एकट्याचा हुकूम

दिवाळी सरली की मानोऱ्याकडचा तो तांडा ओस पडतो. धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, मागे उरतात म्हातारे आणि कुत्री. हुकूम सोडायला माणूसच नाही म्हटल्यावर हेमसिंग नायक, तांड्याचा प्रमुख, दिवेलागणीला बंजाऱ्यांचे संत सेवाभाया यांच्या देवळात स्वतःच दिवा लावायला निघाला.

देवळापुढच्या लिंबाखाली नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसते. आज तिथून दबके आवाज येत होते. फेटेवाले म्हातारे गोल बसलेले. विड्यांचा वास दाटलेला, पण पेटलेली विडी एकही नाही. मधला चेहरा हेमसिंगने ओळखला. तांडा वसवणारा रूपला नायक. त्याचा पणजोबा. देवळातल्या तसबिरीत होता तस्साच.

"नायकाले सारे अधिकार देऊन टाका," एक जण म्हणाला. "अडीअडचनीले निर्णय कोन घेईन?"

"अन् नायकच चुकला तं?" रूपला म्हणाला. "मी सोता नायक हावो, तरी सांगतो. मानूस तांड्याभाईर काढाचा असंन तं नसाब पायजे. एकट्याचा हुकूम चालनार नाई..."

हेमसिंग गोलाजवळ गेला. मागे असाच तांडा रिकामा असताना त्याने पोटच्या पोरीला, निताला, मनाने लग्न केलं म्हणून तांड्याबाहेर काढलं होतं. माणसं परतून नसाब बसेपर्यंत आपला राग निवेल, या धास्तीने तो थांबलाच नाही. बाळंतपणात निता लेकरासकट गेली. मातीलाही त्याने कुणाला जाऊ दिलं नाही. ते आठवलं की त्याला घास उतरत नसे.

"माह्यी पोरगी..." तो कसाबसा बोलला. "म्या एकट्यानंच काढलं तिले."

साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मंग ते काढनं झालंच नाई," रूपला म्हणाला. "पोरगी तांड्याचीच हाये. येऊ द्या तिले..."

क्षणात लिंबाखाली कुणी नव्हतं. हेमसिंग रडतच घरी आला. पोरीवरचा डाग तरी पुसला, एवढंच त्याच्या मनात होतं.

दारात त्याची बायको बेबीबाई उभी होती. पोर गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"हळू या," ती म्हणाली. "निता आली. न्हानीत आंग धून राह्यली."

न्हाणीत तांब्या वाजला. मग तान्हं बाळ कुरकुरलं. हेमसिंगने न्हाणीकडे पाहिलं.

"काय... काय म्हनते?"

"इचारते, एवढंच होतं तं बानं मी जित्ती असतानी काहून नाई बोलावलं?"

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. ती उत्तर ऐकायला थांबली होती.