तिसऱ्या भट्टीचा पांढरा धूर

"पांढरा धूर दिसला की आधी श्वास धर, पोरी. मग काय ओरडायचंय ते ओरड."

धापू सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला हे बजावलं होतं. त्यानंतर तीस वर्षं तिनं मेवाडातल्या जावरच्या जस्ताच्या भट्ट्यांसाठी मातीच्या मुशी घडवल्या, पण त्या सगळ्या घरच्या अंगणात. पांढरा धूर तिनं लांबूनच पाहिला होता. त्या दिवशी भर दुपारी तो तिला हातभर अंतरावर दिसला, आणि ती आधी ओरडली.

पौष महिना होता. डोक्यावरच्या टोपलीत नवऱ्यासाठी मक्याच्या भाकरी, लसणाची चटणी आणि ताकाचा गडू. डोंगराच्या कुशीत सात भट्ट्या ओळीनं धगधगत होत्या. माणूस एक नाही. भट्टीकरी पलीकडच्या उतारावर मोहाखाली जेवायला बसलेले. तिचा नवरा, भट्ट्यांचा मुखी हेमाजी, मात्र भट्टी सोडून कधीच जेवायला जात नसे. भाकरी त्याच्यापाशी यायची.

तिसऱ्या भट्टीच्या तळघराच्या दाराची शिळा लावलेली होती, आणि ती सरकू नये म्हणून बाहेरून तिला एक पहार टेकवलेली होती. शिळेच्या फटीतून पांढरा धूर येत होता. आतून काहीही आवाज नव्हता.

धापूनं टोपली टाकली, पहार उपटली, शिळा ओढली. धूर तोंडावर आला. तिनं किंकाळी फोडली आणि तो सगळा छातीत घेतला.

हेमाजी दाराशीच पडला होता. त्याच्या मिशांवर, पापण्यांवर, उघड्या तळव्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी अलगद बसत होतं. त्याची नखं फुटलेली होती.

*

किंकाळीनं अकरा भट्टीकरी धावत आले. त्यांनी हेमाजीला बाहेर काढलं, आत शिरून भट्टी तपासली. त्यांतला सगळ्यात म्हातारा रोडाकाका शेवटी बाहेर आला.

"चार नळ्यांचे सांधे उघडे आहेत," तो म्हणाला.

"तडकले?" धापूनं विचारलं.

"खरवडलेत, सूनबाई. पहारीच्या टोकानं. माती खाली पडलीय."

अर्थ तिला समजावून सांगावा लागला नाही. भट्टीला दोन मजले. वरच्यात आग, आणि आगीत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी उलट्या टांगलेल्या. त्यांची तोंडं नळ्यांवाटे खालच्या थंड तळघरात उतरतात, आणि मूस-नळीचा सांधा मातीनं लिंपून बंद केलेला असतो. जस्ताचं वागणंच वेगळं. तांबं, शिसं वितळून वाहतं, जस्त मात्र आधी वाफ होतं. त्या वाफेला वारा न लागता थंडावा मिळाला तर नळीतून चकचकीत थेंब गळतो, पितळ करणारे ज्याची वाट बघत असतात. वारा लागला तर ती निळ्या-हिरव्या ज्वाळेनं पेटते आणि तिचा पांढरा कापूस होतो. वैद्य तो डोळ्यांच्या अंजनात घालतात. उघड्यावर तो कुणाला मारत नाही. पण कोंडलेल्या खोलीत, चार नळ्यांतून...

"पहार कुणाची?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी ओळखली. थावरा भिल्लाची होती.

थावरा खाणीत दगड फोडणारा. त्याचा भाऊ कच्च्या बोगद्यात गाडला गेला होता, आणि त्या बोगद्यात माणसं हेमाजीनंच घातली होती. थावरानं भर बाजारात मुठीत माती घेऊन सांगितलं होतं की हेमाजी सुखानं मरणार नाही.

दिवस कलायच्या आत त्याला हाकिमाच्या वाड्यात बांधून टाकलं.

*

सूर्य टेकताना चिता पेटली. अग्नी हेमाजीच्या धाकट्या भावानं, पेमानं दिला. पेमाही भट्टीकरीच. त्याची बायको जमना भाद्रपदात गेली होती, आठ दिवस खोकून. ती हयात होती तेव्हा तळघरात जस्ताचे थेंब झेलायच्या कुंड्या मांडायचं काम तिचं होतं. आठ दिवसांपूर्वी पेमा तिच्या अस्थी घेऊन सोम आणि मही नद्यांच्या संगमावर निघाला. न्यायला पितळी लोटा नको, तिला मूसच बरी, असं म्हणून त्यानं धापूकडून एक कोरी मूस मागून नेली होती. तो परतला तो नेमका त्याच संध्याकाळी, पायांवर धूळ, हातात काठी. गावात शिरताच त्याला भावाची बातमी कळली.

बायकांनी धापूचा हात धरला. बांगड्या फोडायच्या होत्या.

धापूनं हात सोडवून घेतला.

"आधी नाव," ती म्हणाली. तिचा आवाज कधीच मोठा नसायचा, आताही झाला नाही. "ज्यानं शिळा लावली त्याचं नाव कळेल तेव्हा फुटतील."

"अगं, नाव कळलंय. थावरा."

"कळलं की मी सांगेन."

अंधार पडायच्या आधीच तिला हीव भरलं. दात वाजायला लागले. तोंडात एक विचित्र गोडवा आला, तांब्याची तार चोखल्यासारखा. रोडाकाकानं घोंगडी आणून घातली.

"हा जस्ताचा ताप. धूर घेतलास ना? नव्या माणसाला होतोच. होळीची सुटी संपवून भट्टीवर आलो की आम्हीसुद्धा सगळे एक दिवस असेच कुडकुडतो. सकाळपर्यंत उतरेल."

"मग आज तुम्ही कसे कुडकुडत नाही? माझ्यापेक्षा जास्त धूर तुम्ही घेतलात."

"आम्ही रोज खातो बाई तो. रोज खाणाऱ्याला तो काही करत नाही."

चितेच्या पलीकडे पेमाही थरथरत होता. आगीपासून दोन हातांवर असूनही. लोक हळहळले, भावाचं दुःख अंगात भरलं म्हणाले. कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या दिला. एक घोट घेऊन त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.

"सुतकात पाण्यात साखर कुणी घातली?"

"साखर कुठली रे? विहिरीचं आहे."

"वाटेतल्या नदीत पहाटे डुबकी मारली," पेमा म्हणाला. "बाधली थंडी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धापूचं हीव गेलं होतं. ती हाकिमाच्या वाड्यात गेली. जावरमध्ये भिंती वापरून झालेल्या मुशींच्याच असतात. तशाच एका खांबाला थावरा बांधलेला होता.

हाकिम फतेहलाल कागद पुढ्यात घेऊन बसले होते. "धापूबाई, उद्या तिसऱ्या दिवसाचा विधी, तीया आहे. त्याआधी अंगठा लाव, म्हणजे याला उदयपूरला पाठवतो. तिथं दोरी तयारच असते."

"दोन शब्द बोलू का त्याच्याशी?"

"नवऱ्याच्या मारेकऱ्याशी?"

"तेच विचारायचंय, मारेकरी आहे का ते."

हाकिमांनी मान हलवली.

"पहार तुझी ना?" धापूनं विचारलं.

"माझीच."

"तिथं कशी आली?"

"खाणीच्या तोंडाशी ठेवून पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तर नव्हती."

"माझे मालक मरावेत असं तुला वाटत होतं?"

"रोज वाटत होतं, बाई. खोटं कशाला बोलू?"

"मग मारलंस?"

थावरा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "मारलं असतं तर सगळ्या डोंगरासमोर मारलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून. असं दाराआडून? माझ्या वाट्याचं कुणीतरी चोरून नेलं."

"तळघरात कधी गेला होतास?"

"मी दगड फोडणारा. आम्हाला भट्टीच्या ओट्यावर पाय ठेवू देत नाहीत. आत काय असतं देव जाणे."

"नळीचा सांधा माहीत आहे?"

"कसला सांधा?"

धापू हाकिमांकडे वळली. "हाकिमसाहेब, माझा अंगठा उद्यापर्यंत राहू द्या. चुकीच्या माणसाला फासावर चढवलं तर खरा माणूस माझ्याच हातचं जेवत राहील. ते मला चालणार नाही."

*

दुपारी पेमा अंगणात जेवत होता. सुतकाचं अळणी जेवण, पण त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"बरं वाटतंय का, भाऊजी?"

"एकदम. सकाळी उठलो तो ठणठणीत."

"माझंही तसंच. आणि तोंडाची चव?"

"आली ठिकाणावर."

"गोड होती ना, कालची?"

"हो ना. मध चाटल्यासारखी..." पेमाचा हात ताटावर थांबला. मग त्यानं घास उचलला. "उपाशी होतो म्हणून असेल."

"संगमावर गर्दी होती?"

"यंदा कमी."

"जमनेची मूस पाण्यात सोडलीत की अस्थी काढून घेतल्या?"

"मुशीसकट सोडली."

"बुडाली?"

"बुडाली, वहिनी. दगडासारखी."

धापूनं ताट उचललं.  तिच्या आत असा काही निखारा पेटला होता की या माणसाच्या नरड्यावर हात ठेवावा आणि सोडूच नये. तिनं देवघरात जाऊन जपाची माळ पूर्ण केली. एकशे आठ मणी, एकही न चुकवता. मग रोडाकाकाला बोलावलं.

"काका, तिसरी भट्टी दिसेल आणि आपण दिसणार नाही, अशी जागा कुठली?"

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "वापरलेल्या मुशींचा ढीग आहे ना वर, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी. तिथं आता कोण जातंय?"

ढिगात हजारो मुशी होत्या. आगीत भाजून प्रत्येकीवर काळपट-हिरवी काच चढलेली. धापू एकेक ओळ बघत वर चढली. बोगद्याच्या तोंडाशी चुलीची राख होती, मक्याची कणसं चघळून टाकलेली होती. त्याच्या मागे, काचेच्या त्या सगळ्या पसाऱ्यात, एक मूस मातकट लाल होती. आग न लागलेली. तोंड मातीनं लिंपून बंद केलेली, आणि तिच्याभोवती झेंडूच्या वाळक्या माळा.

धापूनं तिला हात लावायच्या आधी नमस्कार केला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी हाकिमाच्या अंगणात अख्खं जावर जमलं. धापू पुढे आली, पदराखाली काहीतरी धरून.

"लावतेस अंगठा?" हाकिमांनी विचारलं.

"लावते. पण नाव बदलायचंय." ती थांबली. "परवा संध्याकाळी चितेपाशी दोन माणसांना हीव भरलं. एक मी. दुसरे पेमाभाऊजी. दोघांचं तोंड गोड झालं आणि दोघांचं सकाळी उतरलं. हिवतापाला एवढी घाई नसते, आणि थंडीनं पाणी गोड लागत नाही. रोडाकाका, तो कसला ताप?"

"जस्ताचा," रोडाकाका पुटपुटला.

"भट्टीकऱ्यांना तो का नाही आला?"

"रोज धूर घेणाऱ्याला येत नाही."

"आणि आठ दिवस भट्टीपासून लांब राहिलेल्या भट्टीकऱ्याला?"

रोडाकाकानं पेमाकडे पाहिलं.  अंगणातला प्रत्येक भट्टीकरी होळीनंतर एकदा तरी कुडकुडला होता.

"वीस वर्षं भाऊजी धुरात उभे राहिले. आपल्याला काही होत नाही ही सवय इतकी मुरली की आठ दिवसांत ती उतरते हे ध्यानातच आलं नाही. आठ दिवस ते वरच्या ढिगात लपले. परवा सगळे जेवायला गेल्यावर, आमचे मालक दुसऱ्या टोकाच्या भट्टीशी असताना, थावराची पहार उचलून तळघरात शिरले, चार सांधे खरवडले. खरवडणाऱ्याच्या तोंडावर धूर येणारच. मग बाहेर येऊन आड उभे राहिले. धूर बघून आमचे मालक आत धावले, आणि मागे शिळा लागली. सांधा कुठला खरवडायचा हे दगड फोडणाऱ्याला कळत नाही."

"बाईमाणसाच्या तर्कावर फास?" पेमा ओरडला. "मी संगमावर होतो! जमनेच्या अस्थी..."

धापूनं पदराखालची लाल मूस त्याच्यासमोर ठेवली.

"दगडासारखी बुडाली म्हणालात."

पेमा खाली बसला. त्यानं मुशीवर हात ठेवला, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. 

"तिला पाण्यात सोडणार नव्हतो," तो म्हणाला. "दादा मेल्यावर सोडेन असं तिला सांगितलं होतं. वहिनी, जमना कशानं गेली माहीत आहे तुम्हाला?"

"खोकल्यानं."

"ती आत कुंड्या मांडत होती. वर मूस फुटली, आत धूर भरला. तिनं शिळा वाजवली. मी उघडायला धावलो तर दादानं मला धरलं. म्हणाला, जस्ताची धार लागलीय, आत्ता वारा गेला तर छत्तीसच्या छत्तीस वाया जातील. थोडा दम काढ. ती वाजवत होती, वहिनी. विचारा यांना."

धापूनं रोडाकाकाकडे बघितलं. मग बाकीच्या दहा भट्टीकऱ्यांकडे.

"आम्ही सगळे होतो तिथं, सूनबाई," रोडाकाका म्हणाला. त्याची मान वर आली नाही.

 धापूनं नाव बदललेल्या कागदावर अंगठा उमटवला, खांबाशी गेली आणि दोन्ही मनगटं त्याच्या मुशींवर आपटली. बांगड्या फुटल्या. तिनं स्वतःच थावराची दोरी सोडली.

शिपाई पेमाला बांधत होते. तिनं त्याला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली.

"पेमा, माफी नाही."

"मी मागितली नाही."

"मालकांनी जे केलं ते मला माहीत असतं तर मी त्यांना घरात घेतलं नसतं. पण ती शिक्षा माझ्या हातून व्हायची होती, तुझ्या नाही. फासाच्या दिवशी मी उदयपूरला येईन. शेवटपर्यंत बघेन."

"या." पेमाची नजर मुशीवरून हलेना. बांधलेल्या हातांनी त्यानं ती धापूकडे सरकवली.

"नेते मी तिला," धापू म्हणाली. "आधी संगम. मग तुझा फास."

"शपथ?"

"शपथ कशाला? मी म्हणालेय ना."

तीयाचे विधी उरकून ती घरी आली. सुतकातलं आजचं एक वेळचं जेवण तिनं न खाताच झाकून ठेवलं. लाल मूस धुतलेल्या कोऱ्या कापडात गुंडाळून छातीशी बांधली, वाटेसाठी मूठभर भाजलेले चणे घेतले. बायका दारात रडायला जमल्या होत्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दुपारचं ऊन अजून कललं नव्हतं. सात भट्ट्यांच्या खालून संगमाकडे जाणारी दक्षिणेची वाट तिनं धरली आणि चालायला लागली.