पडद्यावरची रिकामी गल्ली

ही गोष्ट भरदुपारी घडली, हे आधीच सांगून टाकतो. भुताची गोष्ट म्हटली की लोक मध्यरात्र शोधतात, स्मशान शोधतात. इथे तसलं काही नाही. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता, शेजारच्या दालनात माणसं पेपर वाचत बसली होती, आणि तरीही हे घडलं.

घडलं ते माझ्या मावशीच्या बाबतीत. सख्खी मावशी, आईची मोठी बहीण. बाई एकदम खमकी. अंगात येणाऱ्या बाईलासुद्धा "आधी पाणी पी" म्हणून खाली बसवणारी. तिने हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढू दिला नाही. तिने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मावशी शहराच्या मोठ्या ग्रंथालयात कामाला होती. मोबाईल नव्हते, इंटरनेट हा शब्दही कुणाला माहीत नव्हता, तेव्हाची गोष्ट. त्याच सुमारास नदीकाठची जुनी वस्ती रुंद रस्त्यासाठी पाडायची ठरली. पाडण्याआधी तिची आठवण जपायची म्हणून ग्रंथालयाने एक यंत्र बनवून घेतलं. एका फोटोग्राफरने हातगाडीवर कॅमेरा बांधला आणि वस्तीतली प्रत्येक गल्ली टिपली. चार पावलं चालायचं, एक फोटो. पुन्हा चार पावलं, पुन्हा एक फोटो. हे हजारो फोटो ताटाएवढ्या चकचकीत तबकडीवर भरले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडदा बसवला. पडद्यावर बोट ठेवलं की तुम्ही गल्लीत एक पाऊल पुढे. डावीकडे बोट ठेवलं की डावीकडे वळलात. एखाद्या दारावर ठेवलं की त्या घराचं पान उघडायचं. कोण राहायचं, जुने फोटो, कुणाकुणाचा बोललेला आवाज.

त्या काळी ही जादूच होती. लोक रांगा लावायचे.

फोटो काढले तेव्हा वस्ती रिकामी झाली होती. त्यामुळे एकाही फोटोत माणूस नव्हता. नुसत्या गल्ल्या आणि बंद दारं. प्रत्येक फोटोखालची ओळ मावशीनेच लिहिली होती. 'रिकामी गल्ली, दार बंद.' लिहून लिहून बोटं दुखली होती तिची.

मावशीचं घरही त्याच वस्तीतलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हते. आवाज भरून घ्यायला माणसं आली, तर त्यांना दारातूनच पिटाळलं. "घर पाडायचं आणि वर घरातलं बोलायला लावायचं? चालते व्हा!" म्हणून त्यांच्या दाराला पान नव्हतं. बोट ठेवलं तरी काही उघडायचं नाही.

नव्या जागेत, पाचव्या मजल्यावर, आजोबांचं डोकं हळूहळू विसरत गेलं. जिना उतरून निघायचे ते थेट जुन्या वस्तीच्या दिशेने. लोक त्यांना रस्त्याच्या पत्र्याच्या कुंपणाजवळून धरून आणायचे. मावशीने लग्न केलेलं नव्हतं. आजी केव्हाच गेलेली. घरी दुसरं कोणी नाही. शेवटी ग्रंथपालांच्या परवानगीने ती वडिलांना कामावर सोबत आणू लागली आणि त्या पडद्यासमोर बसवू लागली.

आणि आजोबा शांत झाले!

दिवसभर बोटाने आपल्या गल्ल्यांतून फिरायचे. ग्रंथपाल हसून म्हणायचे, "या यंत्राचा खर्च एकट्या बाबांनी वसूल केला."

मावशीला वाटलं, चला, सुटले एकदाचे.

एका मंगळवारी दुपारी आजोबा गालातल्या गालात हसले.

"बेबी, शिंप्याच्या बायकोनं उंबरा धुतला बघ."

मावशीने सहज पाहिलं. शिंप्याच्या घराचा उंबरा...

ओला होता.

पाणी पायरीवरून गल्लीत ओघळलेलं. मावशी मनाशी म्हणाली, आधीपासूनच असेल, आपलं लक्ष गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोर दोरीवर सदरा वाळत होता.

मग पलीकडच्या दारात चपला दिसल्या. बायकांच्या, जुन्या.

त्या फोटोखाली तिच्याच हातची ओळ होती. 'रिकामी गल्ली, दार बंद.'

दार बंद नव्हतं. बोटभर फट होती...

आणि आवाज. गल्लीच्या फोटोंना आवाज नव्हताच, तो फक्त घरांच्या पानांवर भरलेला. पण त्या दुपारी यंत्राच्या कर्ण्यातून काहीतरी ऐकू येऊ लागलं. खडखड... थांबलं. खडखड... पुन्हा थांबलं.

शिलाई मशीन.

शिंपी वस्ती सुटल्यावर वर्षाच्या आतच वारला होता. त्याच्या मागोमाग बायकोही.

मावशी तडक खाली गेली आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला घेऊन आली. त्याच्या खिशात कायम पक्कड असायची, म्हणून सगळे त्याला पक्कडराव म्हणायचे. त्याने आधी थट्टाच केली.

"ताई, ही छापलेली तबकडी आहे. ग्रामोफोनच्या रेकॉर्डमध्ये कुणी नवं गाणं शिरतं का? चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. एक पाऊल. दुसरं पाऊल. गल्ली वळली...

वळणावर एक माणूस पाठमोरा उभा होता.

पक्कडरावने तबकडी काढली, कपाटातली दुसरी प्रत आणली, लावली. पुन्हा त्याच वळणावर गेला.

माणूस होता. फक्त आता दोन घरं पुढे गेलेला.

पक्कडरावने भिंतीतलं बटणच बंद केलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"ताई, बाबांना उद्यापासून आणू नका."

तिने आणलं नाही. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. पण आजोबांनी अन्न सोडलं. ना हट्ट, ना आरडाओरड. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि भिंतीवर बोट टेकवत राहायचे. टक... टक... टक. एकेक पाऊल. संध्याकाळी मावशी घरी आली की शेजारीण डोळे पुसत सांगायची, "अगं, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत."

माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. मावशी करणार काय? इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ती त्यांना पुन्हा घेऊन गेली.

आजोबा पडद्यासमोर बसले आणि इकडेतिकडे न भटकता थेट आपल्या घरी गेले.

त्यांचं दार अर्धं उघडं होतं.

आत काळोख. काहीच दिसत नव्हतं.

"तुझी आई आत आहे," आजोबा म्हणाले. "चहा ठेवलाय तिने."

"बाबा, आईला जाऊन किती वर्षं झाली!"

आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. समज नसलेल्या पोराकडे बघावं तसं.

"म्हणूनच तर," ते म्हणाले.

मावशीने यंत्र बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात बाहेरून ग्रंथपालांनी हाक मारली, दोनदा. ती दारापर्यंत गेली, "आले हो" म्हणाली आणि वळली. बस, इतकंच.

बाहेर ग्रंथपाल नव्हतेच. ते त्या दिवशी रजेवर होते, हे तिला मागाहून कळलं.

आजोबा खुर्चीत होते. बोट पडद्यावर तसंच टेकलेलं. डोळे उघडे. श्वास चालू.

पडद्यावर घराचं दार बंद झालेलं होतं. आणि दारासमोर चपला...

डाव्या चपलेच्या पट्ट्याला मावशीने स्वतः काळ्या दोऱ्याने टाका घातला होता. तो टाका पडद्यावर स्पष्ट दिसत होता.

तिने खाली पाहिलं.

आजोबांचे पाय अनवाणी होते.

त्या चपला पुन्हा कधीच सापडल्या नाहीत. सगळी खोली उलटीपालटी केली, जिने शोधले. नाहीच.

डॉक्टर म्हणाले, या आजारात माणूस असा एकदम पायरी उतरतो. वर यायची आशा धरू नका. घरी आणलं. चमच्याने भरवलं की गिळायचे, पण डोळ्यांत ओळख नाही की तोंडात शब्द नाही. मावशी म्हणायची, "घर होतं, पण आत कोणी राहत नव्हतं."

आठवड्याने तिने धीर केला आणि यंत्र लावलं. आता सगळ्या गल्ल्या पुन्हा रिकाम्या होत्या. उंबरे कोरडे. सदरा नाही, पाठमोरा माणूस नाही. फक्त वडिलांच्या दारासमोर त्या चपला.

तिने त्या दारावर बोट ठेवलं. ज्याला पानच नव्हतं, त्या दारावर.

पान उघडलं.

काळं. ना फोटो, ना अक्षर. बराच वेळ काही नाही.

मग खोकला ऐकू आला... आजोबांचाच.

"कोण आहे?"

"बाबा! मी बेबी!"

"कोण आहे? दिवा लागत नाहीये इथे." मग जरा लांबून, आजीला मारलेली हाक. "अगं... कुठे आहेस? हाक मारलीस ना मला?"

उत्तर नाही.

"अगं..."

आत कोणीच नव्हतं. ना आजी, ना चहा. त्यांना नुसतं आत घेतलं होतं.

मावशी ओरडली, रडली, पडद्यावर थापा मारल्या. लोक धावत आले. पक्कडरावने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. तो स्वतः ऐकत होता. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, याला तोंड आहे, कान नाहीत. आतलं बाहेर येतं. बाहेरचं आत जाईल अशी सोयच केलेली नाही यात."

तरी त्याने खटपट केली. कुठूनसा मायक्रोफोन आणला, वायर जोडली. मावशी त्यात बोलली. तिचा आवाज खोलीभर घुमला.

आत आजोबा विचारत राहिले. "कोण आहे?"

पुढे थंडीत आजोबांचं शरीरही गेलं. सगळे म्हणाले, सुटले. मावशीलाही तीच आशा होती. निदान आता तरी. सगळं उरकल्यावर पहिल्या दिवशी कामावर जाऊन तिने दारावर बोट ठेवलं.

"कोण आहे?"

त्यानंतर ती रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे बसायची. डबा उघडायचा आणि ऐकत राहायचं. कधी ते भिंत चाचपत असल्याचा आवाज यायचा. कधी नुसता श्वास. त्यांना आपली सोबत कळत नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती उठायची नाही. "त्यांना टाकून जेवू कशी?" म्हणायची.

मग पडद्यावर ठिपके दिसू लागले.

पांढरे, बारीक, पिठाची चिमूट उडवावी तसे. आधी लांबच्या गल्ल्यांत, मग जवळच्या. पक्कडरावने तबकडी उजेडात धरली आणि मान हलवली. दोन थर चिकटवणारा गोंद सुटत होता, आत हवा शिरत होती. दुसऱ्या प्रतीचंही तेच.

"औषध नाही यावर, ताई. सडत जाणार."

"दुसरीवर उतरवून घ्या ना."

"तेही करून पाहिलं. गल्ल्या उतरतात. ते दार उतरत नाही."

एकेक गल्ली पांढरी होऊन गेली. आजोबांचा आवाज तुटायला लागला. "को... आहे?" मधले शब्द गायब व्हायचे.

शेवटच्या दिवशी पडद्यावर दार जेमतेम ओळखू येत होतं. मावशीने बोट ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. खरखर... खरखर...

मग ठोठावल्याचा आवाज आला. आतूनच, पण आजोबा होते तिथून नाही. त्याच्याही आतून.

ठक. ठक. ठक.

आजोबांचा श्वास थांबला.

"बेबी?" इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "बेबी, तू आहेस का गं? थांब... उघडतो."

"बाबा, नका! मी नाही ती! बाबा, उघडू नका!"

कडी सरकल्याचा आवाज आला.

आणि पडदा पांढरा झाला. यंत्राने ती तबकडी पुन्हा कधी घेतली नाही.

यंत्र भंगारात गेलं. तबकडी मात्र मावशीने घरी आणली आणि कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. गेल्या वर्षी ती आजारी पडली तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. मी विचारलं, "याचं करू काय?"

"फेकू नकोस," ती म्हणाली. "आणि लावूही नकोस."

महिनाभराने मावशी गेली.

परवा ग्रंथालयातून एका बाईंचा फोन आला. बोलायला अगदी गोड. म्हणाल्या, जुन्या, सडलेल्या तबकड्यांवरचंसुद्धा वाचता येईल असं नवं यंत्र त्यांच्याकडे आलंय. त्या वस्तीची तबकडी तुमच्याकडे आहे असं कळलं, देता का? बरंचसं परत मिळेल, आवाजही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मग मी विचारलं, तबकडी माझ्याकडे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? पक्कडराव जाऊन बरीच वर्षं झाली. मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

"गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला होता," म्हणाल्या. "नाव नाही सांगितलं त्यांनी. मागे सारखी खरखर येत होती. नुसतं विचारत होत्या, लवकर करता येईल का म्हणून."

मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.