जबड्यातला वाफा

जबडाचित्रकाच्या पडद्यावर वरच्या दातांच्या दोन रांगा दिसत होत्या. बाहेर लहान दात, आत हिरडीत दडलेले चार मोठे. चित्र सात वर्षांच्या मुलाचे असते तर डॉ. मृणाल शिरगुप्पे यांनी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. पण खुर्चीत बसलेला माणूस एकोणसाठ वर्षांचा होता.

बाबाजी ऐवळे मिरजेच्या लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षे क्लॅरोनेट वाजवत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शेजारी नात तन्वी उभी होती. आजोबांचा आणि नातीचा पुढचा एकेक दात एकाच आठवड्यात पडला होता, आणि दोघांनाही त्याची भारी गंमत वाटत होती.

"पडलेला दात कुठे आहे, मास्तर?"

"छपरावर. हिचा आन् माझा, दोन्ही शेणात गुंडाळून फेकलं. नवा लवकर येतोय म्हंत्यात."

"दात लावले त्या नीलबेटाच्या दवाखान्याने काही सांगितलं नव्हतं?"

"कागदात हुतं की. पैला दात पडला की पंधरा दिवसांत घिऊन या, इमानाचं तिकीट आमचं. आता छपरावरचा दात कुठं हुडकू? कावळ्यानं न्हेला आसंल. मोकळ्या हातानं जायची लाज वाटली. म्हटलं, तुमच्याकडनं तसाच एक करून घ्यावा."

सात वर्षांपूर्वी मास्तर याच खुर्चीत बसले होते. क्लॅरोनेटचे तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकते. दात गेले की फुंक गळते आणि मास्तर घरी बसतो. डॉक्टरांनी तेव्हा परदेशातून येणाऱ्या तयार, मुळासकट दातांचा दर सांगितला होता. चार दातांना छत्तीस लाख. मास्तर हसले होते आणि तोंडावर हात धरून निघून गेले होते. मग कुणीतरी नीलबेटाचे नाव सांगितले. समुद्रापलीकडच्या त्या बेटावर हिरडीत दंतबीज पेरत, तेही फुकट. शरीराने परके बीज नाकारू नये म्हणून सहनगोळ्या दरमहा टपालाने येत, त्याही फुकट. फुकट मिळतेय म्हटल्यावर कारण विचारायची आपल्याकडे रीत नाही. मास्तरांनीही विचारले नाही. दात आले, आणि सात वर्षे ते झकास वाजवत राहिले.

डॉक्टरांनी आपले जुने गुरू, ऊतिशास्त्रज्ञ डॉ. सॅम्युएल सातपुते यांना बोलावून घेतले. सातपुते चित्राजवळ गेले आणि आतल्या एकेका दातावर बोट ठेवत गेले.

"दुधाचं बीज पेरलंय," ते शेवटी म्हणाले. "पण दुधाचा दात सहसा असा आपोआप पडत नाही. आतून पक्का दात सरकतो, त्याचं मूळ विरघळवतो, तेव्हा तो पडतो. म्हणजे त्यांनी आत पक्क्याचं बीजही पेरलं होतं."

"मग चांगलंच झालं, सर. मास्तरांना पक्के दात मिळाले."

"मुळं बघ. पाऊण झालीत, टोकं अजून उघडी आहेत. अशा वेळी दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात लावला तर रोपासारखा रुजतो. अजून फार तर सहा महिने. मग टोकं बंद होतील आणि उपयोग संपेल."

"दुसऱ्याच्या कशाला? दात काचपात्रात वाढवतात ना?"

"काचपात्रात वरचा मुकुट होतो, मूळ होत नाही. मुळाला जिवंत हाड लागतं आणि रोजचं चावणं लागतं. सात वर्षं कुणीतरी भाकरी चावावी लागते, मृणाल."

"पण माझ्याकडे येतात ते तर मुळासकट..." डॉक्टर थांबल्या.

त्यांनी चित्र मोठे केले. आतल्या चारही दातांच्या मुकुटांवर बारीक ठिपक्यांचे क्रमांक होते. असे क्रमांक त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते, खोक्यातून निघालेल्या दातांवर. त्यांनी मागणीची यादी उघडली. चारही क्रमांक सापडले. ग्राहक बोरगावे, शीतगृहवाले. माल पुढच्या महिन्यात. दाताचे बीज ग्राहकाच्याच पेशींपासून करत; बोरगाव्यांच्या पेशींचा नमुना सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच घेतला होता, त्यांनीच तो पाठवला होता. कारखान्यात सात वर्षे लागतात, असे कंपनीने कळवले होते. कारखाना कुठे आहे हे त्यांनीही विचारले नव्हते. त्यांना स्वतःची किळस आली.

मास्तरांना सगळे सांगावेच लागले. ते जिभेने हिरडी चाचपत ऐकत राहिले.

"म्हंजे वाफा माझा, रोप दुसऱ्याचं," ते म्हणाले. "आन् मी जाऊच न्हाई तर?"

"गोळ्या बंद होतील," सातपुते म्हणाले. "त्या फक्त त्यांच्याकडेच बनतात. गोळीशिवाय महिनाभरात जबडा सडेल. वेळेवर गेलात तर दात काढून घेतील आणि पुन्हा दुधाचं बीज पेरतील."

"पुन्हा सात वर्सं. म्हंजे सहासष्ट." मास्तरांनी बोटांवर मोजले. मग डॉक्टरांकडे वळले. "बाई, हेच चार दात मी तुमच्याकडनं घ्यायचं म्हटलं तर केवढ्याला पडतील?"

डॉक्टरांनी मागणीची यादी मिटली. मास्तरांना ते समजले.

"ऱ्हाऊ द्या. चेष्टा केली. पण एवढी लग्नसराई वाजवू द्या मला. आजवर परक्या बीजाच्या दुधाच्या दातांनी वाजवलं. एक सराई पक्क्या दातांनी वाजवतो, मग न्हेऊ द्यात त्यांना."

"आज्जा, तुझे नवे दात परत पडणार?" तन्वीने विचारले.

"माझं पडतील. तुझं ऱ्हातील, बाळा," मास्तर म्हणाले आणि तिचा हात धरून बाहेर गेले.

डॉक्टरांनी नीलबेटाला कळवले की पडलेला दात तपासणीसाठी आपल्याकडे आहे, मुळे अजून कच्ची आहेत, चार महिने थांबावे, गोळ्या चालू ठेवाव्यात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रुग्णाच्या कागदावर खोटे लिहिले. ते कुणाच्या बाजूने लिहिले हे मात्र त्यांना नीट ठरवता येईना, कारण चार महिन्यांनी दात जाणार होतेच. मग त्यांनी बोरगाव्यांना फोन लावला.

"तुमच्या दातांना थोडा उशीर होईल. लग्नसराई संपता संपता येतील."

"चालेल हो, घाई नाही," बोरगावे म्हणाले. "फक्त एक विचारायचं होतं. दात एकदम कोरे असतात ना? कुणी वापरलेले वगैरे नसतात?"

प्रतीक्षाकक्षात तन्वी आजोबांना आ करायला लावून नवा दात दिसतो का ते बघत होती.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "कोरेच असतात."