दोन झटके

ऐका, पण मधे कोणी मोबाईल काढायचा नाही. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती बरं का. गेल्या मार्गशीर्षातला साधा मंगळवार, रात्रीचे पावणेदोन. आपल्या बमरोलीच्या चाळीतला वाल्मिक चलथाणच्या पुढं एका छोट्या गावात, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर रात्रपाळीला होता. पंप अडकला. त्यात नवल काही नाही. तिकडं घरोघरी साड्यांना लेस लावायचं काम, उरली चिंधी की टाक गटारात. गावाचं सगळं घाण पाणी आधी एका खोल विहिरीत येतं आणि चिंध्या तिथल्या पंपात गुंततात. ठेकेदाराचा गुजरातीत फोन आला, "सवार सुधीमां चालू जोईए." सकाळपर्यंत पंप सुरू झाला नाही, तर पाणी खालच्या वस्तीत शिरणार.

वाल्मिकनं दोरीला लोखंडी गळ बांधला आणि विहिरीत सोडला. आत आता कोणी उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी उतरायचे.

तेव्हा त्याचा साडू छगन उतरायचा, कमरेला दोरी बांधून. वरचं टोक वाल्मिकच्या हातात. ठरलेलं होतं, दोन झटके म्हणजे वर ओढ. पण छगन पक्का मस्करीखोर. उगाच झटके द्यायचा, आणि वाल्मिक घाबरून ओढायला लागला की खालून ओरडायचा, "काय साडू, डोया लागना का?" म्हणजे झोपलास का.

त्या दिवशीही दोन झटके आले. वाल्मिक हसला. त्यानंही वरून दोन झटके दिले. खाली गॅस साचला होता. वाल्मिकला कळेपर्यंत सगळं संपलं होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, छगनच्या बायकोला, जयश्रीला तर नाहीच. पुढं एकट्या सुकदेव वॉचमनला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

तर गळ खाली गेला. चिंध्यांत रुतला. वाल्मिकनं ओढला, येईना. दम घ्यायला त्यानं हात जरा सैल सोडला.

दोरीला झटका बसला.

मग आणखी एक.

पाणी हललं असेल, त्याला वाटलं. पण पंप बंद होता. पाणी स्थिर होतं.

पुन्हा दोन.

या वेळी तो हसला नाही. पाय कठड्याला रोवले आणि जीव खाऊन ओढलं. दोरी हातभर वर आली. माणसाचं वजन कसं लागतं ते त्याच्या हातांना ठाऊक होतं. आणखी हातभर आली. मग... अडकली.

"वढस रे भो, वढस!" तो विहिरीत वाकून ओरडला.



फोन खोलीत राहिलेला. सुकदेव पार गेटवर, आणि मधे प्लांटच्या ब्लोअरची घरघर. दोरी सोडून धावावं तर... सोडणार कशी? एकदा उशीर केला होता. आज तरी त्याला वर काढायचं होतं. तळहात सोलवटले. वाल्मिक रडत होता, ओढत होता. झटके येत होते. दोन. दोन. मग सावकाश. दोन...

मग एकच.

मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हलका...

मग तेही थांबलं.

सकाळी सहाला सुकदेव चहा घेऊन आला, तर हा तसाच उभा. दोरी हातात गच्च.

"सोड आते, वाल्मिक."

"नको. तो खाले शे."

दोघांनी मिळून ओढलं. दोरी सहज वर आली, अगदी हलकी. गळ नव्हता. त्या जागी फास होता, कमरेएवढा, नीट गाठ मारलेला. सुकदेवानं त्याला हात लावला आणि पटकन मागं घेतला.

कडाक्याची थंडी होती. दोरी वरपासून खालपर्यंत गारठलेली...

फास तेवढा गरम होता. आत्ताच कोणी अंगावरून काढावा तसा.