एक्केचाळीस नंबरची बाटली

"बारा बाटल्या होत्या, अकरा उरल्या," भूशास्त्रज्ञ म्हणाले. "चार वाजता प्रयोगशाळेची गाडी येतेय. त्याआधी चोर हवा."

वहिनींनी मान हलवली. भूशास्त्रज्ञ साहेबांना ते दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तेव्हा भावजींनीच तोंडाने "हो" म्हटलं. वहिनींच्या खासगी तपासाच्या धंद्यात या दिराचं काम एवढंच: गाडी चालवायची आणि बोलणं अडेल तिथे हो म्हणायचं. थोरला भाऊ गेल्यापासून ते दोन्ही इमानाने करत होते.

साहेब तीस वर्षं एकच सांगत आले होते, की या टेकडीखाली निसर्गाने स्वतः बनवलेला हायड्रोजन आहे. तीस वर्षं लोक हसले. आता एकदाचा बोअर घेतला आणि बारा दिवस त्याच्या तोंडाशी वायू लागत होता. रोज एक पोलादी बाटली भरून ठेवलेली. प्रयोगशाळेने मान्य केलं तर हसणाऱ्यांची तोंडं बंद. नाहीतर बोअर बंद.

"एका दिवसाचा खाडा नाही," साहेब म्हणाले. "मधे एक दिवस सुट्टीला ड्रिल बंद होतं, तरी वायूचा आकडा तसाच. मुलीने वाचून दाखवला."

"आकडे तीच वाचते?"

"माझे डोळे तीच. रसायनशास्त्रात पहिली आलेली आहे हो."

कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला. म्हणजे कुलूप निव्वळ शोभेचं. बाटल्यांवर तारखा नव्हत्या, नुसते उलटसुलट नंबर: साठ, सात, तेवीस. एक्केचाळीस लिहिलेला खण रिकामा होता.

"कुठली कधीची ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून," साहेब म्हणाले. "कळलं की माणूस हवं ते बघतो."

पहारेकरी आधीच दुखावला होता. "बाई, चोरायचंच तर मी डिझेल नेईन. वायू घरी नेऊन बायकोला काय सांगू?"

ड्रिलमिस्त्रीने ड्रिलच्या टोकाचं झिजलेलं लोखंडी बिट पुढे केलं. "आठ दिवसांत ही दशा! वर काढलं की पाणी चरचरतं याच्यावर. कसला दगड आहे हा!"

"वायू भरपूर लागतो म्हणे?"

"वायू लागला की वाजणारा भोंगा आहे ना, त्याने कान किटलेत. पण वायू शिस्तीचा हं! आम्ही सुट्टी घेतली तर त्यानेही घेतली. काय झोपलो त्या दुपारी!"

भावजी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"उघड आहे," बाहेर येताना भावजी म्हणाले. "प्रतिस्पर्ध्यांचं काम. सगळ्यांत जास्त भरलेली बाटली बरोबर उचलली."

"भरलेली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

भावजींनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मुलगी वायू मोजायच्या यंत्राजवळ वही मिटून बसली होती.

"चोरीला गेलेली एक्केचाळीस, कुठल्या दिवसाची गं?"

"सुट्टीच्या." मग तिने वही उघडली. जरा उशीरच झाला होता.

"नंबर आणि तारखांची वही ही एकच?"

"हो. माझ्याकडेच असते."

वहिनींनी ड्रिल बंद करायला सांगितलं. अर्ध्या तासाने सगळे ऑफिसच्या खोलीत जमले.

"बाळ, तू सांगतेस की मी सांगू?" वहिनींनी विचारलं. मुलीने वही टेबलावर ठेवली.

"किल्ली सगळ्यांच्या हाताशी होती," वहिनी म्हणाल्या. "पण बारांतून नेमकी सुट्टीची बाटली उचलायला ही वही लागते. आणि चोरायची का? कारण साहेब म्हणतात त्या दिवशी आकडा तसाच होता आणि मिस्त्री म्हणतात भोंगा गप्प होता. दोन्ही खरं असणार नाही. प्रयोगशाळेने ती बाटली उघडली असती, तर आत हायड्रोजन निघालाच नसता."

"हे कसं शक्य आहे?" साहेब म्हणाले. "खाली वायू आहे!"

"खालचा वायू मिस्त्रींच्या सुट्टीची वाट बघत नाही, साहेब. लोखंडाचं बिट दगडावर रगडून तापतं, त्यावर पाणी पडतं, आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं? तो वायू टेकडी बनवत नव्हती. ड्रिल बनवत होतं."

साहेबांनी मान बोअरच्या दिशेने वळवली. ड्रिल थांबलेलं. भोंगाही. आता आकडा वाचून दाखवायला कोणाची गरज नव्हती.

"त्या दिवशी शून्य होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही कान टवकारून बसला होतात. माझ्या तोंडून आदल्या दिवसाचाच आकडा निघाला."

"दुसऱ्या दिवसाचा वायू भरून ठेवायचास बाटलीत," साहेब म्हणाले.

"गेले होते भरायला. नाही झालं माझ्याच्याने."

भावजींना वाटलं, चोर पहारेकरी निघाला असता तर किती बरं झालं असतं. मग त्यांना त्या वाटण्याचीही लाज वाटली.

"साहेब, परत सुरू करू?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"नको. जेवून घ्या सगळे. आणि गाडीवाल्याला सांगा, परत जा म्हणावं."

साहेब उठले. मुलगी कोपर धरायला पुढे झाली.

"राहू दे," ते म्हणाले आणि भिंत चाचपत एकटेच दाराकडे निघाले.

वाटेत एक खुर्ची होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि सरकवायचा हक्क आपला आहे, असं कोणालाच वाटत नव्हतं. वहिनीसुद्धा जमिनीकडे बघत राहिल्या.

शेवटी भावजींनी ती आवाज न करता उचलली, आणि साहेब बाहेर पडेपर्यंत तशीच हातात धरून उभे राहिले.