टर्बोचा सुटलेला पाइप

"तीन गिऱ्हाइकं परत गेली," वडील म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. पण कोणी चालवून बघायला आलं, की टर्बोचा पाइप नेमका सुटलेला, गाडी ओढतच नाही! सकाळी मी फिरायला जातो, तेव्हाच कोणीतरी डाव साधतं. चौथं गिऱ्हाईक तासाभरात येतंय."

गाडी जपानी, दोन दारांची, थोरल्या मुलाची. तो तापाने गेला, त्याला सहा महिने झाले होते. तेव्हापासून वडिलांना गॅरेजकडे बघवत नव्हतं.

खाजगी गुप्तहेर मावशींनी बॉनेट उघडलं. त्यांचे सहायक पेशाने वकील. अशील मिळत नसल्यामुळे त्यांच्याकडे वेळच वेळ होता. ते चालकाच्या सीटवर शिरले आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकून तिथेच राहिले.

"वकीलसाहेब, बाहेर या. तिथे तारीख मिळणार नाही."

सहा फुटी मेकॅनिक वैतागला होता. "मी कशाला सोडू? दर वेळी मीच तर बसवतो! पेट्रोल मात्र कमी होतंय. किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही."

धाकटा मुलगा त्याच्याहून उंच. "मला हवी होती गाडी. बाबा नको म्हणाले. विषय संपला."

आई लहानखुऱ्या. "मला काय कळतंय त्यातलं? थोरला दुरुस्ती करायचा, मी टॉर्च धरायचे. घरी आला की लगेच गाडी बंद करायचा नाही. टर्बो तापलेला असतो म्हणे. दोन मिनिटं चालू ठेवायचा, तेवढ्यात मी ताट वाढायचे."

"धाकटाच!" वकील कुजबुजले.

"तुमचे गुडघे मावले नाहीत, त्याचे मावतील?" मावशींनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. "पेट्रोल जळतं, आकडा हलत नाही. म्हणजे गाडी उभ्या जागी चालू केली जाते. सीट पुढे ओढलेली, म्हणजे बसणारं माणूस बुटकं. आणि टॉर्च धरणाऱ्याला पाइप कुठला ते माहीत असतंच." त्यांचा आवाज उतरला. "आई, त्या दोन मिनिटांत तो घरी आलेला असतो. हो ना?"

आईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला सांगायचंस तरी," वडील म्हणाले.

"कोणाला? त्याचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता."

फाटकाशी हॉर्न वाजला. आईंनी पाइप स्वतःच घट्ट बसवला, हात पुसले.

"विका. पण आधी एकदा बसा आत. 'चला बाबा, एक चक्कर मारू,' असं किती वेळा म्हणाला तो. तुम्ही बसलाच नाहीत."

वडील वाकून शेजारच्या सीटवर बसले. बेल्ट कुठून ओढायचा, ते त्यांना बायकोला विचारावं लागलं.